अणुप्रलयाचा चित्रपट आणि आपण प्रेक्षक

(बेंगळुरू येथील मराठीभाषक सभासद व हितचिंतक यांच्या अभ्यासवर्गात 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' हा चित्रपट दाखविण्यात आला. त्यानंतर झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



स्टॅन्ली कुब्रिक यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९६४ सालचा आहे. तो आपण आताच पाहिला. दीड तासाच्या या कृष्णधवल चित्रपटाच्या शेवटी पृथ्वीवरील मानवी जीवनाचा अंत होतो. एका गोड, जुन्या गाण्याच्या साथीने अणुस्फोटांचे ढग एकामागून एक उठत राहतात. असे असूनही सभागृहात दिवे लागले तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर हसू होते. याबद्दल कोणीही संकोच मानण्याचे कारण नाही. जगभरच्या प्रेक्षकांचे गेली साठ वर्षे हेच होत आले आहे.

चित्रपटाच्या कलागुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्याच्या प्रेक्षकाविषयी बोलणार आहे. अणुयुद्धाचा चित्रपट पाहून बाहेर पडणारा माणूस साधारणतः तीनपैकी एक गोष्ट बोलतो. पहिला म्हणतो, मजा आली. दुसरा म्हणतो, भीती वाटली. तिसरा म्हणतो, हे सारे खरे असेल. पण आपल्या हातात काय आहे? या तीनही प्रतिक्रिया प्रामाणिक आहेत. परंतु त्यांचे पुढे काय होते हे चित्रपट ठरवीत नाही. प्रेक्षक ज्या समाजातून चित्रपटगृहात येतो आणि ज्या समाजात परत जातो, तो समाज किती जागा आणि किती संघटित आहे, यावर ते ठरते. राज्यकर्त्यांना ही गोष्ट प्रेक्षकांच्या फार आधी कळली होती, हे मी काही उदाहरणांनी दाखविणार आहे.

हसणाऱ्यांचे प्रकार

प्रथम हास्याचा विचार करू. या चित्रपटाचा पहिला खेळ २२ नोव्हेंबर १९६३ रोजी ठरला होता. त्याच दिवशी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि खेळ रद्द करावा लागला. २९ जानेवारी १९६४ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा क्यूबावरील क्षेपणास्त्रांचा पेचप्रसंग होऊन सव्वा वर्षच लोटले होते. अमेरिकन हवाई दलाची सुरक्षाव्यवस्था अशा घटना घडू देणार नाही, असे निवेदन चित्रपटाच्या आरंभी दाखविण्यात आले. आपणही ते वाचले.

'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक बॉस्ली क्राउथर यांना चित्रपटातील कौशल्य मान्य होते, पण साऱ्या संरक्षणयंत्रणेविषयी त्यात दिसणाऱ्या तुच्छतेने ते अस्वस्थ झाले. नगरसंस्कृतीचे अभ्यासक लुइस ममफर्ड यांनी त्याच पत्राला पत्र लिहून उलट बाजू मांडली. विकृती चित्रपटात नाही. मानवजातीच्या संहाराची थंडपणे आकडेमोड करणाऱ्या धोरणात ती आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

याहून महत्त्वाची प्रतिक्रिया एका वेगळ्या प्रेक्षकाची होती. डॅनिएल एल्सबर्ग हे त्या काळी अमेरिकन संरक्षणखात्यासाठी अणुयुद्धाच्या योजनांवर काम करीत असत. पुढे व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रे उघड करून ते जगप्रसिद्ध झाले. एका सहकाऱ्यासह हा चित्रपट पाहून बाहेर पडताना आपण पाहिला तो जणू माहितीपटच होता, असे दोघांनाही वाटले. ही आठवण त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविली आहे. काही विशिष्ट परिस्थितीत अध्यक्षांच्या आज्ञेवाचूनही अण्वस्त्रे वापरण्याचा अधिकार सेनापतींना देऊन ठेवलेला आहे, हे त्यांना माहीत होते. सामान्य प्रेक्षक ज्याला लेखकाची अतिशयोक्ती समजून हसला, ते जाणकाराला सरकारी दप्तरातून ठाऊक होते.

दुसऱ्या बाजूकडेही डोळेझाक करून चालणार नाही. चित्रपटातील सोव्हिएत प्रलययंत्र हल्ला होताच आपोआप सुरू होते; आणि ते तयार असल्याची वार्ता जगाला दिलेलीच नसते. धाक घालण्याचे यंत्र गुप्त ठेवण्यातला मूर्खपणा ऐकून आपण हसलो. प्रत्यक्षात सोव्हिएत संघाने १९८०च्या दशकात 'पेरिमीटर' नावाची यंत्रणा उभारली. नेतृत्व नष्ट झाले तरी प्रतिहल्ल्याची आज्ञा सुटावी, अशी तिची रचना होती. ती पूर्णपणे स्वयंचलित नव्हती, हा फरक महत्त्वाचा आहे. परंतु तिची माहिती जगापुढे आली ती शीतयुद्ध संपल्यानंतर, १९९३ साली. चित्रपटातील सोव्हिएत राजदूत शेवटच्या घटकेलाही छुप्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेत राहतो, ते दृश्य दिग्दर्शकाने उगाच घातलेले नाही.

महाराष्ट्रातील माणसाला हास्याची ताकद नव्याने सांगावी लागत नाही. तमाशातला सोंगाड्या राजाची फजिती करतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतो. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तेच सोंग सावकार, गिरणीमालक आणि पुढारी यांच्यावर रोखले. पण तेथे एक गोष्ट वेगळी होती. वग संपला की त्याच मैदानात सभा भरत असे, युनियनच्या पावत्या फाटत असत, संपाचा निर्णय होत असे. हास्याला पुढे जायला वाट होती. चित्रपटगृहात हसलेल्या प्रेक्षकाला बाहेर जाण्याचा दरवाजा तेवढा मिळतो. अशा हास्याने मनावरचा भार उतरतो आणि धोका जागच्या जागी राहतो.

भीतीचे राजकारण

आता भीती. पीटर वॉटकिन्स यांनी १९६५ साली बीबीसीसाठी 'द वॉर गेम' हा चित्रपट केला. इंग्लंडच्या केंट परगण्यावर अणुहल्ला झाला तर काय होईल, हे त्यांनी सामान्य नागरिकांकडून अभिनय करवून, बातमीपटाच्या धाटणीत दाखविले. बीबीसीने आधी सरकारी अधिकाऱ्यांना तो दाखविला आणि मग अत्यंत भयानक असल्याचे कारण देऊन त्याचे प्रक्षेपण रोखले. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. तरीही ब्रिटिश दूरचित्रवाणीवर तो प्रथम दिसला १९८५ साली, म्हणजे वीस वर्षांनी. दरम्यानच्या काळात निःशस्त्रीकरणवादी कार्यकर्ते तो लहानमोठ्या सभागृहांत दाखवीत होते. प्रेक्षकांना धक्का बसेल, या काळजीपोटी कोणतेही सरकार चित्रपट दडवीत नाही. धक्का बसलेला प्रेक्षक उद्या प्रश्न विचारील, ही त्याची खरी धास्ती असते.

२० नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'द डे आफ्टर' हा चित्रपट दाखविण्यात आला. कॅन्सस प्रांतातील साध्या कुटुंबांवर कोसळणारे अणुयुद्ध सुमारे दहा कोटी लोकांनी एकाच रात्री पाहिले. अध्यक्ष रेगन यांनी तो आधीच पाहिला होता आणि त्याने आपण फार खिन्न झालो, असे त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहिले. चार वर्षांनी, ८ डिसेंबर १९८७ रोजी, मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याच्या करारावर रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या सह्या झाल्या. यावरून चित्रपटाने अध्यक्षांचे हृदयपरिवर्तन केले, अशी एक सुरस कथा सांगितली जाते.

कथा अर्धीच खरी आहे. चित्रपटानंतर घेतलेल्या जनमत चाचण्यांत लोकांच्या मतांत फारसा पालट झाल्याचे आढळले नाही. कारण लोक आधीच हलले होते. १२ जून १९८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये अण्वस्त्रांविरुद्ध सुमारे दहा लाख लोकांचा मोर्चा निघाला होता. इंग्लंडमधील ग्रीनहॅम कॉमन येथे स्त्रियांनी १९८१ पासून क्षेपणास्त्रतळाच्या वेशीवर ठिय्या दिला होता. त्या लोकांच्या मनात जे होते त्याला चित्रपटाने चेहरा दिला. मोर्चा आधी, चित्रपट नंतर आणि करार त्याच्याही नंतर, हा क्रम विसरता कामा नये.

मासळी बाजारातून पडद्यावर

हाच क्रम जपानमध्ये अधिक स्पष्ट दिसतो. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची शक्ती हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट होती. 'फुकुर्यू मारू' या मासेमारी नौकेवरील २३ खलाशांच्या अंगावर किरणोत्सारी राख पडली आणि त्यांच्यापैकी ऐकिची कुबोयामा यांचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. दूषित मासळी फेकून द्यावी लागली, बाजार ओस पडले, कोळी आणि मासळीविक्रेते यांच्या पोटावर पाय आला. तेव्हा टोकियोच्या सुगिनामी विभागातील गृहिणी आणि दुकानदार यांनी बॉम्बविरोधी सह्या गोळा करण्यास आरंभ केला. ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमात पहिली जागतिक बॉम्बविरोधी परिषद भरली, तोपर्यंत तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या होत्या. आपले पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनीही २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत अणुचाचण्या स्थगित करण्याची मागणी केली होती.

सह्यांची मोहीम जोरात असतानाच, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, 'गोजिरा' हा चित्रपट जपानमध्ये लागला. आज मुलांच्या खेळण्यांत दिसणारा तो राक्षसी प्राणी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीने जागा झालेला आहे. चित्रपटाची सुरुवातच एका नौकेवर अचानक कोसळणाऱ्या प्रकाशझोताने होते. तो पाहणाऱ्या जपानी माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही; त्यांतील कित्येकांनी घराच्या दारात सही केलेली होती. हाच चित्रपट १९५६ साली अमेरिकेत आला तेव्हा त्यात एका अमेरिकन वार्ताहराचे पात्र घुसविले गेले आणि चाचण्यांविषयीचे रोखठोक उल्लेख बऱ्याच अंशी गाळण्यात आले. तेथील प्रेक्षकाने निव्वळ एक अक्राळविक्राळ जनावर पाहिले. प्राणी एकच, पण एका प्रेक्षकाच्या मागे चळवळ होती आणि दुसऱ्याच्या पुढे कात्री. चाचणीविरोधी लोकमताचा रेटा जगभर वाढत गेला आणि ५ ऑगस्ट १९६३ रोजी वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार मॉस्कोत झाला. तिसऱ्या प्रेक्षकाच्या 'आपल्या हातात काय आहे?' या प्रश्नाला सुगिनामीच्या गृहिणींनी दिलेले हे उत्तर आहे.

विमानातील माणसे आणि हे शहर

आता आपण ज्या शहरात बसून हा चित्रपट पाहिला त्या शहराकडे वळू. होमी भाभा युद्धकाळात येथील भारतीय विज्ञान संस्थेत काम करीत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभ १ जून १९४५ रोजी बेंगळुरूतच झाला आणि त्याच वर्षाअखेर ती मुंबईला गेली. या दोन घटनांच्या मध्ये ६ ऑगस्टचे हिरोशिमा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली येथे विमानांचा कारखाना काढला. तोच आजचा हिंदुस्तान एरोनॉटिक्स. या शहरातील हजारो कुटुंबे विमाने, रडार आणि क्षेपणास्त्रांशी संबंधित कामावर जगतात. नाशिकजवळच्या ओझरचीही हीच गोष्ट आहे.

म्हणून चित्रपटातील एका प्रसंगाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. माघारीचा संदेश घेणारा संच क्षेपणास्त्राच्या स्फोटाने निकामी झालेला आहे, इंधन गळते आहे, बॉम्बचे दार अडकलेले आहे, आणि तरी ते बी-५२ विमान पुढे चालले आहे. आतली माणसे दुष्ट नाहीत. ती कुशल, शिस्तबद्ध, एकमेकांना सांभाळणारी आहेत. प्रमुख वैमानिक स्वतः खाली उतरून तारा जोडतो. त्या क्षणी आपण सर्वांनी श्वास रोखला आणि दार उघडावे असे आपल्याला वाटले. ते उघडले की जगाचा अंत होणार, हे ठाऊक असूनही वाटले. कारण अडलेले यंत्र दुरुस्त होताना पाहण्याचा आनंद कामगाराच्या आणि तंत्रज्ञाच्या हाडीमासी असतो.

माझ्या मते चित्रपटातील सर्वांत भेदक जागा ही आहे. माथेफिरू सेनापती तिच्यापुढे किरकोळ आहे. प्रलयाला लागणारे कौशल्य माथेफिरूंकडे नसते. ते चांगल्या कारागिरांकडून घेतले जाते आणि त्याचा उपयोग कशासाठी होणार हे विचारण्याचा हक्क मात्र त्यांना दिला जात नाही. यात कामगाराला दोषी धरण्याचा माझा हेतू नाही. तो भाकरीसाठी राबतो. परंतु पगार आणि कामाचे तास यांविषयी बोलणारा संघटित कामगार आपल्या श्रमाच्या हेतूविषयीही बोलू शकतो. मूळचे गोव्याचे, पुण्यात राहून काम केलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जागतिक शांतता चळवळीत भाग घेतला आणि अणुशक्तीच्या सरकारी धोरणाविषयी उघड प्रश्न विचारले. स्वतः भाभांच्या संस्थेत असताना ते हे करीत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्याकडील प्रेक्षक

आपल्या देशात काय घडले? मे १९९८ मध्ये पोखरण आणि चगाई येथे स्फोट झाले. त्यानंतरच्या उन्मादावर आनंद पटवर्धन यांनी 'जंग और अमन' हा माहितीपट केला. प्रमाणपत्रासाठी २१ ठिकाणी कात्री लावण्याचा आग्रह धरला गेला. राजकीय नेत्यांची भाषणेही वगळावीत, असे सांगण्यात आले. नेत्यांनी जाहीर सभेत बोललेले शब्द पडद्यावर मात्र धोकादायक ठरले! अखेर मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली एकही काट न करता प्रदर्शनाची वाट मोकळी केली.

२०२३ साली 'ओपेनहायमर' हा चित्रपट आला. बेंगळुरू, मुंबई, पुणे येथे पहाटेच्या खेळांनाही गर्दी झाली. अणुबॉम्बच्या जन्माची ही कथा पाहून देशात वाद पेटला. पण तो कशावर? एका प्रणयदृश्यात भगवद्गीतेतील वचन आले, यावर. दोन शहरे आणि लाखो माणसे जाळणाऱ्या अस्त्राविषयी आपल्या भावना दुखावल्या नाहीत. हिरोशिमा चित्रपटात दिसतच नाही, हा आक्षेप आपल्याकडे क्षीण आवाजात उमटला. जपानमध्ये तो चित्रपट आठ महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये लागला आणि तेथील वाचलेल्या वृद्धांनी नेमका हाच प्रश्न विचारला.

कोणी म्हणेल, चित्रपट जुना झाला. आता यंत्रे अचूक आहेत. ९ मार्च २०२२ रोजी भारताच्या हद्दीतून एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानच्या पंजाबात मियाँ चन्नूजवळ पडले. जीवितहानी झाली नाही, हे दोन्ही देशांचे भाग्य. प्रथम तांत्रिक बिघाड असल्याचे सांगण्यात आले; पुढे कार्यपद्धती न पाळल्याबद्दल हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. क्षेपणास्त्रचाचणीची आगाऊ सूचना परस्परांना देण्याचा २००५ सालचा करार बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरताच आहे. ब्राह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात येत नाहीत. मे २०२५ मधील चार दिवसांच्या संघर्षात काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या दिल्या आणि घरोघरी त्या जल्लोषात पाहिल्या गेल्या. स्टॉकहोम येथील शांतता संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये भारताजवळ सुमारे १८० आणि पाकिस्तानजवळ सुमारे १७० अण्वस्त्रे होती. चित्रपटातल्या युद्धकक्षात जगाचा भव्य नकाशा आहे. आपल्याकडे तो नकाशा दिवाणखान्यातल्या पडद्यावर आला आहे आणि प्रेक्षक टाळ्या वाजवीत आहे.

बॉम्ब आहे म्हणूनच मोठे युद्ध टळले, असा युक्तिवाद केला जातो. अण्वस्त्रांच्या धाकाने सत्ताधीशांना सावध केले असेल, हे मी नाकारीत नाही. परंतु १९६२ च्या पेचप्रसंगात सोव्हिएत पाणबुडीवर वासिली आर्खिपोव्ह यांनी अण्वस्त्रधारी टॉर्पेडो सोडण्यास विरोध केला आणि १९८३ साली स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह यांनी संगणकाने दिलेला हल्ल्याचा इशारा खोटा ठरविला, म्हणून आपण वाचलो. दोन माणसांच्या सद्बुद्धीवर तगलेल्या व्यवस्थेला सुरक्षितता म्हणता येत नाही.

मग करावयाचे काय?

मोठ्या घोषणा मी देणार नाही. भारत आणि पाकिस्तान यांनी परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. संबंध कितीही बिघडले तरी हा नेम चालू राहिला आहे. वर्तमानपत्रात ती दोन ओळींची बातमी असते. पण चित्रपटातील गुप्त प्रलययंत्राचे खरे उत्तर अशा उघड, रुक्ष आणि नियमित व्यवहारात आहे. क्रूझ क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची पूर्वसूचना, अपघात झाल्यास तात्काळ संपर्क, प्रथम अण्वस्त्र न वापरण्याच्या धोरणावर ठाम राहणे, या मागण्या कोणत्याही कामगार सभेत, महिला मंडळात, महाविद्यालयात मांडता येतील. त्यांसाठी कोणाला शत्रुदेशाचा हस्तक म्हणवून घेण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. चुकून सुटलेले क्षेपणास्त्र माणसाची जात, धर्म वा पक्ष विचारीत नाही.

आणि चित्रपट अवश्य दाखवावेत. बेळगावपासून नागपूरपर्यंत, जेथे पडदा लावता येईल तेथे दाखवावेत. मात्र खेळ संपताच सभा विसर्जित करू नये. चित्रपट कसा वाटला, एवढेच विचारून थांबू नये. कोठे हसलात, ते खोटे वाटले म्हणून की खरे वाटले म्हणून? विमानाचे दार उघडावे असे कोणाला वाटले? उद्या आपल्या कारखान्यात, वस्तीत याविषयी कोणाशी बोलणार? हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे ऐकावीत.

हिरोशिमा व नागासाकी येथून वाचलेल्यांच्या 'निहोन हिदानक्यो' या संघटनेला २०२४ सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. तिची स्थापना १९५६ सालची, सह्यांच्या त्या मोहिमेनंतर उभ्या राहिलेल्या चळवळीतली. जे आपण पडद्यावर पाहिले त्याच्या आत ती माणसे होती. तेथून उठून घरी जाण्याची सोय त्यांना नव्हती. घरच उरले नव्हते. आपल्याला ती सोय आहे. आता चहा घ्यावा आणि पुन्हा येथेच बसावे. चर्चेला अद्याप तासभर आहे.